अपराध श्रद्धेचा की श्रद्धाळूचा?

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णवांचा मेळा जमला आहे. ज्यांना पंढरीस जाणे घडले नाही, त्यांनी घरच्या देव्हाऱ्यातील विठोबास तुळस वाहिली असेल. अशा पुण्यदिनी एक कटू प्रश्न मांडीत आहोत, याबद्दल भाविक वाचकांनी रोष धरू नये. धर्मश्रद्धाच माणसाच्या हातून दुष्कृत्ये घडविते, असे पुष्कळ सुशिक्षित मंडळी म्हणतात. हा आरोप खरा मानावा काय?

प्रश्न दूरचा नाही. मलकापूर हे पूर्वीच्या विशाळगड जहागिरीचे ठाणे. येथून गडाकडे जाणाऱ्या वाटेवर गजापूर लागते. तेथील घोडखिंडीत १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे यांनी देह ठेवला आणि ती खिंड पावन झाली. गडावर मलिक रेहान यांचा दर्गा आहे. तेथे हिंदूही भक्तिभावाने जातात. १४ जुलै २०२४ रोजी, आषाढी अवघ्या तीन दिवसांवर आली असता, गडावरील अतिक्रमणे हटविण्याच्या मागणीसाठी लोक जमले. अतिक्रमणाचा निवाडा कायद्याने करावयाचा. पण जमावातील काहींनी गजापुरातील मुसलमानांच्या घरांची व मशिदीची मोडतोड केली. त्या घरांतील बायकामुलांचा गडावरील बांधकामांशी काय संबंध होता, हे कोणी विचारले नाही.

हे श्रद्धेने केले म्हणावे, तर ज्यांच्या नावाचा जयघोष आपण अभिमानाने करतो, त्या शिवछत्रपतींची साक्ष आड येते. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. महाराजांविषयी त्याने कठोर शब्द वापरले आहेत. तरीही मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना उपद्रव देऊ नये असा महाराजांचा सक्त नियम होता, हे त्यानेच नमूद करून ठेविले आहे. महाराज देवीचे निस्सीम भक्त होते. त्या भक्तीने त्यांचा हात आवरला, तर श्रद्धेचे नाव घेणाऱ्या इतरांचा तो का आवरू नये?

एवढ्यावर श्रद्धेस निर्दोष ठरवून मोकळे होणे मात्र आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. जमावाचे पाप गुंडांच्या माथी मारता येते. पंढरपूरचे कोणाच्या माथी मारणार? चोखोबांची समाधी महाद्वारी, नामदेव पायरीजवळ. जिवंतपणी त्यांना आत जाता आले नाही आणि त्यांच्या ज्ञातिबांधवांना पुढे कित्येक शतके जाता आले नाही. त्यांना अडविणारे लोक दुर्जन नव्हते. नित्य स्नानसंध्या करणारे, एकादशी निर्जळ पाळणारे असे ते होते, आणि आपण शास्त्राचे रक्षण करीत आहो अशी त्यांची मनोमन खात्री होती. येथे टीकाकारांचे बोलणे ऐकून घ्यावे लागते. स्वार्थासाठी अन्याय करणाऱ्यास कधी तरी मनाची टोचणी लागते. देवासाठी करणाऱ्यास ती लागेलच असे नाही.

मग तो अन्याय दूर कोणी केला? राज्यघटना यावयाची होती. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभिले. तत्पूर्वी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून गावोगावची मंदिरे व विहिरी सर्वांस खुल्या करण्याचे आवाहन केले होते. १० मे रोजी उपोषण सुटले आणि पुढे विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांस उघडले. गुरुजी नास्तिक नव्हते. ज्या विठ्ठलाच्या नावाने दार बंद होते, त्याच विठ्ठलाच्या नावाने त्यांनी अन्न वर्ज्य केले. दोन्हीकडे श्रद्धाच होती, निवड माणसांनी केली, आणि म्हणून त्या निवडीचा जाब देवास नव्हे तर माणसांस विचारावयास हवा. वारीच्या शिस्तीचे श्रेय आपण आनंदाने भक्तीस देतो. मग बंद दाराचा हिशोब मांडताना ‘ते खरे भक्त नव्हतेच’ असे म्हणून अंग काढून घेता येणार नाही. ते आपल्यांतलेच होते.

आज मंदिराबाहेरील रांगेत मलकापूर-शाहूवाडीकडचे वारकरीही असतील. महाद्वारी त्यांतील पुष्कळजण आधी चोखोबांच्या समाधीवर माथा टेकतील, मग पायरीला हात लावतील आणि आत जातील.