आकड्यावर विश्वास ठेवण्याचं शास्त्र

सी. राजम या उद्योजकाने स्वतःचं घर विकून १९४९ साली चेन्नईजवळ क्रोमपेटला मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू केली. विमान, मोटार आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडीला त्यांनी चौथी शाखा काढली ती मापन उपकरणांची. विमानविद्या कुणालाही सुचली असती. पण दाब, तापमान, प्रवाह मोजायला शिकवणारी वेगळी शाखा? ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्या उभ्या राहायला तेव्हा आणखी पाचेक वर्षं होती, भिलाई-राउरकेलाचे पोलाद कारखाने तर त्याहून लांब.

अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि प्रवेश बी.एस्सी. झालेल्यांना. हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्लॅटिनमच्या तारेचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असेल, तर शंभर अंशांना तो सुमारे १३८.५ ओहम होतो. एवढ्याशा फरकावर रिॲक्टरचं तापमान वाचायचं, तर पदार्थविज्ञान पक्कं हवंच.

त्या काळी कारखान्यांत निरोप हवेच्या नळीतून जायचे, ३ ते १५ पीएसआय दाबाने. पुढे तारेतून ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ लागला. सुरुवात शून्याऐवजी चारपासून का? टाकी रिकामी असली तरी तारेत चार मिलिअँपिअर असतात. प्रवाह थेट शून्यावर आला की तार तुटली, हे कंट्रोल रूममध्ये लगेच कळतं. किती साधी आणि किती हुशार योजना! १९७५ साली हनीवेल आणि योकोगावा यांनी संगणकाधारित विकेंद्रित नियंत्रण बाजारात आणलं. १९७८ मध्ये क्रोमपेटची संस्था अण्णा विद्यापीठात सामील झाली. पुढे तिथेही बारावीनंतरची चार वर्षांची पदवी आली.

आता बरंचसं शिक्षण सिम्युलेशनवर होतं. त्याला माझा विरोध नाही, पण त्यासाठी कॅलिब्रेशनच्या प्रात्यक्षिकांचे तास कुठल्याही विभागाने कापू नयेत. डेडवेट टेस्टरवर वजनं ठेवून विद्यार्थी प्रेशर गेज तपासतो, तेव्हा दाब निघतो वजनाला पिस्टनच्या क्षेत्रफळाने भागून. आणि ते वजन जागेनुसार बदलतं: विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या गुरुत्वात सुमारे अर्ध्या टक्क्याचा फरक आहे. म्हणून अचूक काम करायचं तर आधी आपल्या प्रयोगशाळेतलं गुरुत्व किती, हे माहीत असावं लागतं.