भूगोलाची डॉक्टर

इंदूर शहराच्या मल्हारगंज भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. तेथील एका ख्रिस्ती घरी मी गेलो असता मायलेकींचा वाद ऐकावयास मिळाला. कन्या भूगोलात एम. ए. झालेली. तिला प्राकृतिक भूगोलात पीएच. डी. करावयाची होती, आईला तिच्या लग्नाची काळजी. माउली म्हणाली, "फादर, ही डॉक्टर होणार म्हणते, पण नाडी कुणाची पाहणार?" मुलगी हळूच उत्तरली, "नदीची, आई."

उत्तर चपखल होते. डोंगर, नद्या, माती व हवामान यांची घडण शोधणे हेच या शास्त्राचे कार्य. माळव्याचे पठार ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्हाचे आहे. महूजवळच्या जानापाव डोंगरावर चंबळ उगम पावते व तिचे पाणी यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागरास मिळते. विंध्याच्या दक्षिण उतारावरचे पाणी मात्र नर्मदेतून अरबी समुद्राकडे जाते. त्याच नर्मदेचे पाणी 1978 पासून जलूद येथून उपसून इंदूरकरांच्या घागरीत येत आहे. अशा नदीची नाडी कुणी तरी पाहिलीच पाहिजे!

ती कशी पाहतात? महापुराच्या वेळी दरीच्या आडोशाला गाळ साचतो. प्रत्येक मोठा पूर आपला एक थर मागे ठेवतो. पुनासा येथील नर्मदेच्या घळीतील असे थर पुण्याचे संशोधक विश्वास काळे, शीला मिश्रा व त्यांचे परदेशी सहकारी यांनी वाचले आणि दीड हजारांहून अधिक वर्षांतील महापुरांचा वृत्तांत 1996 साली प्रसिद्ध केला. पूल वा धरण बांधताना अशा ज्ञानाचे मोल प्राणांइतके असते.

खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा नियम 1669 मध्ये मांडला निल्स स्टेन्सन यांनी. ते 1667 मध्ये कॅथलिक झाले, 1675 मध्ये धर्मगुरू व पुढे बिशप. 1988 साली पोपमहाशयांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. दगडमातीचा अभ्यास श्रद्धेला मारक नाही, याला याहून मोठी साक्ष कोणती?

तथापि आईची चिंता अनाठायी नव्हती. या अभ्यासास किमान तीन वर्षे लागतात. सामान्य मुदत सहा वर्षांची. एम. ए. ला 55 टक्के गुण लागतात. राष्ट्रीय परीक्षेत कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये व पुढे 42,000 रुपये मिळतात. ती न मिळाल्यास भार घरावर पडतो. आणि पदवी हाती आली म्हणजे प्राध्यापकपद दारी चालून येते, असेही नाही.

म्हणून मी मुलीस म्हणालो, "बाळ, आधी शिष्यवृत्ती मिळव, बाबांना कर्जात लोटू नकोस." आईस म्हणालो, "तिला परीक्षेपुरते एक वर्ष द्या." माउलीने होकार दिला नाही, नकारही दिला नाही; तिने चहा मात्र मुलीच्या पुस्तकांजवळच आणून ठेवला.

वाचकहो, आपल्या घरी असे लेकरू असेल, तर खर्चाचा हिशेब अवश्य मांडा. परंतु देवाने दिलेल्या बुद्धीला त्या हिशेबात जमेच्या बाजूस लिहावयास विसरू नका.