कोट्याचे मासे, पोचमपल्लीची हाडे

परसवाड्याच्या आसपास डायनोसॉर शोधायला गेलात तर हात हलवत परताल. बालाघाट जिल्ह्यातला बराचसा खडक त्यांच्याहून कितीतरी म्हातारा. मलाजखंडचे तांबे ज्या ग्रॅनाइटात सापडते, तोच सुमारे अडीच अब्ज वर्षांचा. ज्युरासिक काळ बघायचा तर बालाघाटवरून वाहणाऱ्या वैनगंगेचा काठ धरून खाली उतरावे. गडचिरोलीत तिला वर्धा मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीत शिरते. त्याच सिरोंच्याजवळ नदीकाठी कोटा नावाचे छोटे गाव आहे. भूशास्त्राच्या जगभरच्या ग्रंथांत इथल्या खडकथरांना ‘कोटा फॉर्मेशन’ म्हणतात ते या गावामुळे.

नाव झाले ते आधी माशांमुळे. कोट्याच्या चुनखडकातल्या एका माशाची माहिती कर्नल साइक्स यांनी 1851 साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडली. त्याचे नाव लेपिडोट्स डेक्कनेन्सिस. त्याचे खवले जाड, चौकटीसारखे, वर मुलाम्याचा चकचकीत थर. अंगभर चिलखतच म्हणा ना. सांगाड्यातली नाजूक हाडे विस्कटली तरी हे खवले टिकतात. युरोपातल्या ज्युरासिक खडकांतही याच्या जातभाईंचे अवशेष मिळतात, त्यामुळे खडकाचे वय ठरवायला हा मासा फार कामाचा ठरला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीही या जीवाश्मांचा पाठपुरावा केला. 1863 मध्ये ते पुरात बुडून गेले. त्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात सगळ्यांना ठाऊक, त्यांचे दगड मात्र कोणाला?

मोठी हाडे निघायला आणखी शंभर वर्षे लागली. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या चमूने याच कोटा थरांत, पोचमपल्ली परिसरात सुमारे तीनशे हाडे काढली. ती किमान सहा प्राण्यांची होती आणि दगड झालेल्या ओंडक्यांत अडकलेली होती. मोठा पूर आला, झाडांबरोबर कळपही वाहत आला, असा अभ्यासकांचा कयास आहे. मांडीचे एकेक हाड माणसाच्या उंचीचे! कवटी मात्र मिळाली नाही, फक्त दात मिळाले. संख्याशास्त्राच्या संस्थेने हाडे का उकरावीत, असे वाटेल. पण संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांचे कुतूहल तसेच चौफेर होते. हाडे खणली गेली ते 1961 हे टागोरांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. म्हणून 1975 मध्ये या डायनोसॉरचे बारसे झाले तेव्हा नाव ठेवले बारापासॉरस टागोराय.

याच थरातून पुढे यमनपल्लीचा कोटासॉरस निघाला, कोटाथेरियम हा चिमुकला सस्तन प्राणीही निघाला.

बारापासॉरसचा सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे, कोटासॉरसचा हैदराबादच्या बिर्ला सायन्स सेंटरमध्ये. सिरोंचा तालुक्यात वडधमला वनविभागाचे जीवाश्म उद्यान आहे, तिथे दगड झालेले वृक्ष पाहता येतात. विदर्भातल्या शाळांनी सहल तिकडे जरूर न्यावी. आणि तिथला खवला असो की लाकडाचा तुकडा, तो खिशात घालू नये. जागेवरून उचललेल्या जीवाश्माचा थर एकदा हरवला की त्याचे वय सांगणे अवघड होऊन बसते.