जुन्या खुकरीची पारख : खान्देशातील घरगुती शस्त्रांच्या संदर्भात

खंडेनवमीस शस्त्रे पुजण्याची प्रथा चाळीसगाव परिसरासह खान्देशातील जुन्या घराण्यांत आढळते. पाटावर तलवार, कट्यार, भाला मांडलेले असतात. फौजेत नोकरी केलेल्या एखाद्या पूर्वजाने आणलेली नेपाळी खुकरीही त्यांत असू शकते. पूजेपूर्वी ही शस्त्रे चिंच, राख किंवा पॉलिश कागदाने लख्ख केली जातात. भावना आदराची असली, तरी पुराव्याची हानी नेमकी येथेच होते. वस्तूचे वय सांगणारा काळपट थर निघून जातो आणि उथळ कोरलेली अक्षरे पुसट होतात.

खुकरीच्या बाबतीत ही अक्षरेच निर्णायक ठरतात. ब्रिटिश हिंदी फौजेला पुरविलेल्या खुकऱ्यांवर बाणाची सरकारी खूण, निर्मात्याची आद्याक्षरे व इसवी सन ठोकलेले आढळते. नेपाळी शस्त्रागारातील खुकरीच्या पात्यावर मात्र देवनागरी अक्षरे व अंक असतात आणि त्यांतील वर्ष विक्रम संवताचे असू शकते. मराठी वाचकाची फसगत होते ती येथे. '१९७०' हा आकडा तो सहजच इसवी सन समजतो. तो संवत असल्यास काळ १९१३-१४ चा ठरतो. ही चूक केवळ ५६-५७ वर्षांची नाही. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार अशी वस्तू पुरावशेष ठरण्यास किमान शंभर वर्षे अस्तित्वात असावी लागते. पुरावशेष खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही व त्याच्या व्यापारास परवाना लागतो. मराठी शस्त्रांवर शकाचा आकडा असेल, तर त्यात ७८ मिळवावे लागतात. तेथे घोटाळा उलट दिशेने होतो.

म्यानातील कर्द व चकमक ही दोन छोटी पाती पुष्कळदा हरवलेली किंवा मागाहून बसविलेली असतात, म्हणून त्यांचा घाट व लोखंड मुख्य पात्याशी ताडून पाहावे. सिंहमुखी पितळी मुठीच्या नमुन्यांत प्रवाशांसाठी घडविलेल्या वस्तू पुष्कळ असतात. विक्रेत्याच्या वीरकथेला तर पुराव्याचे मोल नाहीच.

१९६२ च्या शस्त्र नियमांत खुकरीचा नावानिशी उल्लेख होता. त्यांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी अशा शस्त्रांची नोंद घेताना दसऱ्याच्या साफसफाईआधीच पात्याची दोन्ही अंगे, पाठ व मूठ यांची छायाचित्रे घ्यावीत. नंतर मऊ कापडाने हलका तेलाचा हात पुरेसा होतो.