अपघात सुरतमध्ये, घर खान्देशात : सीसीटीव्ही फुटेज पुसले जाण्याआधी काय कराल?

सुरत : नंदुरबार, धुळे, जळगावकडच्या बहुतेक गावांतले कोणी ना कोणी सुरतला कामाला असतेच. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागात तर मराठी वस्तीच मोठी आहे. लूम किंवा मिलची रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या माणसाला टेम्पोने उडवले आणि टेम्पो पळून गेला, तर घरचे आधी दवाखान्यात धावतात. ते बरोबरच आहे. पण तेवढ्यात समोरच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग पुसले जाण्याची मुदत सुरू झालेली असते.

नंबर सापडला तर काय फरक पडतो?

ठोकर देणारी गाडी सापडलीच नाही, तर 'हिट अँड रन' योजनेतून मदत मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये आहे. गाडीचा नंबर मिळाला, तर मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मालक, चालक आणि विमा कंपनीवर दावा लावता येतो. तिथे वय, कमाई, घरात खाणारी तोंडे, दवाखान्याचा खर्च असा सगळा हिशेब होतो. कमावत्या तरुण माणसाच्या बाबतीत ही रक्कम २ लाखांच्या कितीतरी पट होऊ शकते. हिट अँड रनचे पैसे घेतले म्हणून पुढचा दावा बुडत नाही. नंतर भरपाई मिळाली की ते पैसे परत करावे लागतात, इतकेच.

फुटेज किती दिवस टिकते?

दुकान, सोसायटी, पेट्रोल पंपावरच्या डीव्हीआरमध्ये जागा भरली की जुन्यावर नवे रेकॉर्डिंग चढते. कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. गुजरातच्या २०२२ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याने गर्दीच्या आस्थापनांना ३० दिवस फुटेज ठेवायला सांगितले आहे, पण गल्लीतल्या लहान दुकानाला तो लागू असेलच असे नाही. चौकांत पोलीस आणि महापालिकेचे कॅमेरे आहेत. धुळे-सुरत महामार्गावर टोलनाक्यांच्या कॅमेऱ्यांत पळालेली गाडी पुढे दिसू शकते.

माहिती अधिकाराच्या भरवशावर राहू नका. त्या अर्जाला उत्तर द्यायलाच ३० दिवसांची मुदत असते.

पहिल्या दोन दिवसांत हे करा

- दवाखान्यात एकजण थांबला की दुसऱ्याने अपघाताच्या जागी जावे. कोणते कॅमेरे रस्त्याकडे वळलेले आहेत, ते लिहून घ्यावे.
- तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा : तारीख, वेळ, जागा, कॅमेऱ्यांची यादी आणि 'फुटेज ताब्यात घ्यावे' ही विनंती. प्रतीवर पोच घ्यावी.
- कॅमेऱ्याच्या मालकालाही 'रेकॉर्डिंग पुसू नका' असे पत्र द्यावे. घरच्यांना फुटेज द्यायला तो तयार नसेल, तर भांडू नये. पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ते मागवू शकतात.
- स्क्रीनवरून मोबाईलने घेतलेला व्हिडिओ गाडी शोधायला कामी येतो. पुरावा म्हणून तो लंगडा पडतो. मूळ फाइल किंवा डीव्हीआरच हवा.

अपघात कारखान्याच्या आत झाला, तर फुटेज मालकाच्याच हातात असते. तिथेही लेखी मागणी लगेच करावी. हातात असलेला पुरावा कोणी दडवला, तर तो त्याच्या विरोधात जाणारा होता असे न्यायालय धरू शकते.

जालन्याचा धडा

व्हिडिओबरोबर प्रमाणपत्र का लागते, हे मराठवाड्यातल्याच एका खटल्याने ठरवले. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर आल्याचा वाद कैलास गोरंट्याल यांनी न्यायालयात नेला. निवडणूक कार्यालयातले व्हिडिओ रेकॉर्डिंग हा त्यात महत्त्वाचा पुरावा होता. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले : मूळ यंत्रच हजर केले तर प्रश्न नाही, नक्कल दिली तर प्रमाणपत्र सक्तीचे. पण मागूनही अधिकारी प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते. सगळे प्रयत्न केलेल्या माणसाला त्यापायी शिक्षा नको.

१ जुलै २०२४ पासून हा नियम भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात : एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' लिहितात. ती म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच. फाइलमध्ये काही बदलले की ठसा जुळत नाही. अपघात न्यायाधिकरण पुराव्याचे नियम फौजदारी कोर्टाइतके काटेकोर लावत नाही. तरी विमा कंपनीचा वकील हरकत घेणारच, म्हणून कागद पक्का असलेला बरा.

दावा कुठे, कधीपर्यंत?

अपघात सुरतला झाला तरी दावा तिथेच लावावा असे नाही. अर्जदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही, म्हणजे नंदुरबार किंवा धुळ्यालाही लावता येतो. गुजराती एफआयआर आणि पंचनाम्याचे भाषांतर मात्र करून घ्यावे लागेल. हिट अँड रनचा अर्ज जिथे अपघात झाला त्या भागातल्या चौकशी अधिकाऱ्याकडेच जातो. कलम १६६ च्या दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे, पण त्या आशेवर थांबू नये.

शेवटची गोष्ट. कॅमेरा कोणाच्याच बाजूचा नसतो. जखमी माणूस उलट्या बाजूने येत होता, हेल्मेट नव्हते, हेही त्यात दिसते आणि विमा कंपनी ते नेमके दाखवते. अशा वेळी त्याच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कापली जाऊ शकते, पण तेवढ्याने दावा पूर्ण बुडतोच असे नाही. त्यामुळे वकिलापासून फुटेज लपवू नये. त्याला ते सगळ्यात आधी दाखवावे.