कॉम्प्युटर नावाची माणसं

कॉम्प्युटर हा शब्द यंत्राहून कितीतरी जुना आहे. इंग्रजी छापील मजकुरात तो १६१३ पासून सापडतो आणि पुढची तीनशेहून अधिक वर्षं त्याचा मुख्य अर्थ होता आकडेमोड करणारा माणूस. लॅटिनमधल्या मोजणे या अर्थाच्या क्रियापदावरून तो आला. वेधशाळांत, मोजणी खात्यांत ‘कॉम्प्युटर’ हे चक्क पदाचं नाव होतं.

आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण राधानाथ सिकदार यांचं. १८३१ मध्ये, विशीही ओलांडलेली नसताना, हा बंगाली तरुण भारताची मोजणी करणाऱ्या ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेत कॉम्प्युटर म्हणून रुजू झाला आणि पुढे चीफ कॉम्प्युटर झाला. त्या सर्व्हेत हिमालयातल्या ‘शिखर १५’चे, म्हणजे आजच्या एव्हरेस्टचे, कोन शंभराहून अधिक मैलांवरून घेतलेले. एवढ्या अंतरात हवेमुळे प्रकाशकिरण वाकतो, पृथ्वीची गोलाईही आड येते. हे सगळं हिशेबात धरून उंची काढायची, तीही कागद, लेखणी आणि लॉगॅरिदमच्या कोष्टकांवर! १८५६ मध्ये २९,००२ फूट हा आकडा जाहीर झाला. आजची मान्य उंची आहे सुमारे २९,०३२ फूट. शिखराला नाव मात्र मिळालं सर्व्हेचे आधीचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांचं. ही गोष्ट मला अजूनही खुपते.

अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत हे काम स्त्रिया करत, तुटपुंज्या मजुरीवर. त्यांच्यातल्याच हेन्रिएटा लेव्हिट यांनी ताऱ्यांच्या तेजाचा जो नियम शोधला, त्यावरून पुढे दीर्घिकांची अंतरं मोजता आली.

अर्थ पालटला तो दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास. तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टकं करणाऱ्या कॉम्प्युटर स्त्रियांतूनच सहाजणींना ‘एनिॲक’ या नव्या यंत्राच्या प्रोग्रॅमिंगसाठी निवडलं गेलं. पदाचं नाव यंत्राला चिकटलं. १९४६ मध्ये यंत्राचा गाजावाजा झाला, पण त्या सहाजणींची दखल घ्यायला जगाला काही दशकं लागली.

दोन्ही अर्थ काही काळ शेजारी शेजारी नांदले. नासातल्या कॅथरीन जॉन्सन यांची नोकरी मुळात कॉम्प्युटरचीच. अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी उड्डाणाआधी आग्रह धरला, की यंत्रानं काढलेले आकडे जॉन्सन यांनी स्वतः पडताळावेत. त्यांनी ते पडताळले, आकडे जुळले आणि २० फेब्रुवारी १९६२ रोजी ग्लेन पृथ्वीभोवती तीन प्रदक्षिणा घालून सुखरूप परतले.