आजीची चटई आणि सोलरचं गणित

मंडळी, सुरुवातीलाच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे कागदावर ‘सौरऊर्जा’ लिहिलं तरी तोंडातून ‘सोलर’च येतं. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र तुमच्या-आमच्या घरचा आहे. आपल्या होस्टेलमधल्या निम्म्या जणांच्या घरी सध्या एकच चर्चा चालू असते, "सोलर बसवायचं का?" आणि तू इंजिनिअरिंगला आहेस म्हटल्यावर घरचे आपल्याकडेच बघतात. माझ्याकडेही बघितलं, आणि मी पहिल्याच फटक्यात चुकले. त्या चुकीची ही गोष्ट.

आमचं घर साताऱ्याला. वर ३० बाय २२ फुटांची गच्ची. आग्नेय कोपऱ्याला अंगणात आजोबांनी लावलेला आंबा, तो गच्चीच्या वर चौदा फूट गेलेला. नैऋत्येला जिन्याच्या खोलीवर पाण्याची काळी टाकी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी साडेबाराला एजन्सीचे गृहस्थ पाहणीला आले. गच्चीभर फिरले आणि म्हणाले, "सावलीचा प्रश्नच नाही. ५४० वॉटची सहा पॅनेल, ३ किलोवॅटची सिस्टीम." मीही ऐटीत मान डोलावली. थर्ड इयर इलेक्ट्रिकल ना!

आजी जिन्यात उभी होती. ती म्हणाली, "अगं, थंडीत मी कोवळ्या उन्हाला बसते तेव्हा दहा-साडेदहापर्यंत चटई सरकवत असते. तिथं कुठलं आलंय ऊन?"

आता गंमत बघा. साताऱ्याचा अक्षांश सुमारे १७.७. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य तिथे बरोबर डोक्यावर असतो. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. म्हणजे ज्या वेळी कशाचीच सावली लांब पडत नाही, नेमक्या त्याच वेळी आम्ही सावली शोधत होतो! २२ डिसेंबरला मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला कलून जेमतेम ४९ अंशांवर येतो. चौदा फुटांच्या आंब्याची सावली तेव्हा दुपारी बारा फूट पडते, आणि सकाळी साडेनऊला सुमारे साडेचोवीस फूट, तीही वायव्येकडे, म्हणजे थेट गच्चीवर आडवी.

त्या गृहस्थांना हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मग झाड काढून टाका." बाबा गप्प झाले. बाबांनी पुंजी काढून ठेवलेली, आणि आंबा तर आजोबांच्या हातचा. शिवाय शहराच्या हद्दीत झाड असं मनाला आलं म्हणून तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९७५ पासून त्यासाठी कायदा आहे, परवानगी लागते. मी लगेच माझी हुशारी पाजळली, "मायक्रो-इन्व्हर्टर लावू, सावलीचा प्रश्न मिटला." आजीने एकच विचारलं, "त्यानं सावलीत ऊन पडतं का?"

नाही पडत. इथून पुढे मी खरा अभ्यास केला.

घराचा स्लॅब पडताना तुम्ही पाहिला असेल. मजुरांची रांग हातोहात घमेली वर देते. मधला एक जण दमला की सगळ्या रांगेचा वेग त्याच्याएवढा होतो. पॅनेलमधले सेल असेच एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. एका सेलवर सावली आली की त्या ओळीचा करंट पडतो. यावर उपाय म्हणून पॅनेलमध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात. ते सावलीतला एक तृतीयांश भाग वगळून करंट पुढे जाऊ देतात. रांग थांबत नाही, पण त्या भागाचं व्होल्टेज गेलं ते गेलंच. डायोड नसता तर सावलीतले सेल वीज द्यायच्या ऐवजी खात बसले असते आणि तापून खराब झाले असते. एवढंच काय, काचेला चिकटलेलं वाळकं पान हीसुद्धा सावलीच!

हल्लीच्या हाफ-कट पॅनेलमध्ये दोन अर्धे भाग समांतर जोडलेले असतात. कठड्याची सावली फक्त खालच्या अर्ध्यावर आली तर वरचा अर्धा काम करत राहतो. मायक्रो-इन्व्हर्टर प्रत्येक पॅनेलचा हिशोब वेगळा ठेवतो, ऑप्टिमायझरही तेच काम डी.सी. बाजूला करतो. त्यामुळे एका पॅनेलचा त्रास दुसऱ्याला होत नाही. पण जे पॅनेल सावलीत आहे ते सावलीतच राहतं, आणि खर्च वाढतो. म्हणजे यंत्राची निवड ही शेवटची पायरी. आधी सावली मोजायची.

डिसेंबरात परीक्षा संपवून घरी गेले आणि गच्चीवर खडूने तीन-तीन फुटांचे चौकोन आखले. सात फुटांच्या बांबूला वर पांढरा रुमाल बांधला. सात फूट कशासाठी? पॅनेल गच्चीला टेकून न लावता तेवढ्या उंच सांगाड्यावर बसवता येतात, खाली गच्ची मोकळी राहते. रुमालावर ऊन असेल तर त्या उंचीच्या पॅनेललाही ऊन मिळणार. साडेनऊ ते साडेतीन, दर तासाला प्रत्येक चौकोनात बांबू धरायचा. मी धरायची, आणि आजी चटईवर बसून कॅलेंडरच्या मागे बरोबर-चूकच्या खुणा करायची. दोन दिवस हाच उद्योग. शेजारच्या काकू विचारून गेल्या, "हिला काही झालंय का?"

निकाल असा. जमिनीच्या हिशोबाने निम्मी गच्ची सावलीत होती. पण सात फूट वर गेलं की चौदा फुटांचं झाड सात फुटांचंच उरतं, सावलीही निम्मी होते. टाकीची दुपारची सावली नडत होती. टाकी उत्तरेच्या भिंतीकडे हलवली, प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम. मग उत्तरेकडे सोळा बाय नऊ फुटांचा एक सलग तुकडा मिळाला, ज्यावर साडेनऊ ते साडेतीन पूर्ण ऊन. एक पॅनेल साधारण साडेसात बाय पावणेचार फूट. म्हणजे चार पॅनेल आरामात बसतात. सहा नाही.

बाबा हिरमुसले. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरलं. त्यामुळे जो तो तीनच सांगतो. मग मी वर्षभराची वीजबिलं काढली. आमचा वापर महिन्याला १९० ते २२० युनिट. १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, म्हणजे २ किलोवॅटचे महिन्याला सुमारे २४०. आपल्याला तीन हवेच होते कशाला? नेट मीटरिंगमध्ये जादा युनिट पुढच्या बिलात वळते होतात हे खरं, पण वर्षाअखेर उरलेल्या युनिटना मिळणारा भाव आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो.

शेवटी चार हाफ-कट पॅनेल, एकच स्ट्रिंग आणि साधा स्ट्रिंग इन्व्हर्टर घेतला. चारही पॅनेलना सारखंच ऊन मिळत असेल तर मायक्रो-इन्व्हर्टरवर जादा पैसे घालायची गरज नाही. वाचलेल्या पैशांतून सांगाडा भक्कम केला, कारण उंचावर वारा जोरात लागतो.

तुमच्या घरी विचारलं तर एवढं सांगा:

१. आधी बारा महिन्यांची बिलं बघा, किलोवॅट नंतर ठरवा.

२. सावली डिसेंबरात मोजा. मेमध्ये पाहणी झाली असेल तर ती अर्धीच झाली असं समजा.

३. टाकी, अँटेना, कपड्यांची दोरी हलवता येते का, सांगाडा उंच करता येतो का, ते बघा. झाडावर कुऱ्हाड सगळ्यात शेवटी.

४. गच्चीचे दोन वेगळे भाग वापरायचे असतील तर दोन एम.पी.पी.टी. असलेला इन्व्हर्टर विचारा. पण दोनच पॅनेलची स्ट्रिंग केली तर तिचं व्होल्टेज अनेक इन्व्हर्टरना अपुरं पडतं, डेटाशीट वाचा.

५. सावली चुकवताच येत नसेल, आज या पॅनेलवर तर उद्या त्या पॅनेलवर येत असेल, तरच मायक्रो-इन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर.

६. लाइट गेली की बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड सोलरही बंद होतो. तो बिघाड नाही. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून केलेली ती सोय आहे. लाइट फार जात असेल तर बॅटरीसह हायब्रिडचा विचार करा.

आमची सिस्टीम मार्चपासून चालू आहे. एप्रिलमध्ये २६२ युनिट झाले, जुलैच्या पावसात १५० सुद्धा नाहीत. तो फरक धरूनच चालायचं. खरी परीक्षा डिसेंबरची, आपल्यासारखीच! बाबा रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा आकडा वहीत लिहितात. आंबा जागेवर आहे, यंदा कैऱ्याही भरपूर लागल्या.

आणि थंडी आली की आजी चटई घेऊन गच्चीवर जाईल. आता मी तिला आधी विचारणार आहे, मग कॅल्क्युलेटर काढणार आहे.